रमण भिंगारदिव्यांचं अर्धं कीर्तन

मस्कतच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रमण भिंगारदिव्यांची ओळख करून देताना लोक आधी हसतात आणि मग सांगतात, हेच ते, कीर्तन अर्ध्यावर टाकून गेलेले. रमणला त्याचा राग येत नाही. उलट एखादा नवीन माणूस मंडळीत आला आणि त्याला ही गोष्ट कुणी सांगितलेली नसली, तर रमणचाच जीव खालीवर होतो. गोष्ट शेवटी चांगली झाली म्हणून हसता येतं. त्या शुक्रवारी मात्र पुढे काय होईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं, हे हसणाऱ्यांनी विसरू नये.

रमण मूळचा नेवाशाकडचा. वडील ख्रिस्ती कीर्तनकार. आता ख्रिस्ती माणूस आणि कीर्तन, असं म्हटलं की पुण्यामुंबईची मंडळी भुवया उंचावतात. पण नगर जिल्ह्यात ही जुनी गोष्ट आहे. फेटा तोच, उपरणं तेच, चिपळ्याही त्याच. पूर्वरंगात एखादा विषय सोडवायचा, मध्ये एक भजन, आणि मग उत्तररंगात त्या विषयाला धरून आख्यान लावायचं. फरक इतकाच की आख्यानात इस्राएलचे राजे आणि संदेष्टे यायचे, आणि वडिलांच्या तोंडून ऐकताना ते सगळे नेवाशाच्या बाजारात राहणारे वाटायचे. आई, रखमाबाई, मागे बसून टाळ धरायची. नवऱ्याची लय ढळली की टाळ असा काही आपटायची की पेंगणारे श्रोते दचकून सरळ बसायचे.

वडिलांची एक रीत होती. कीर्तनाला उभं राहिलं की नमनाच्या आधी ते चिपळ्या खाली धरायचे आणि विचारायचे, माझ्याविषयी कुणाच्या मनात काही तक्रार आहे का, असली तर आत्ता सांगा, ती मिटल्याशिवाय मी चिपळी वाजवणार नाही. विचारून खरोखरच थांबायचे. एका गावी एक म्हातारी उठली आणि म्हणाली, तुमच्या बैलाने माझी मेथी खाल्ली. झालं, सगळी सभा तिच्या वाफ्यापर्यंत जाऊन आली, कीर्तनकाराने भर सभेत तिची माफी मागितली आणि मगच नमन झालं. आख्यानापेक्षा मेथीचीच चर्चा त्या गावात जास्त दिवस चालली.

रमणने ही रीत सोडली नव्हती. पण रीत सांभाळणं वेगळं आणि पाळणं वेगळं. मस्कतला वर्षातून एकदा, उपकारस्तुतीच्या सणाला, तो कीर्तनाला उभा राहायचा, तो प्रश्न एका दमात म्हणून टाकायचा, आणि कुणी खोकायच्या आत चिपळी वाजवून मोकळा व्हायचा. परदेशात कोण कुणाची तक्रार करतोय? सगळे कसे गोड बोलतात. आखातात चर्चसुद्धा शुक्रवारी भरतं, कारण सुट्टी शुक्रवारची. रुवीच्या चर्चच्या आवारात मराठी मंडळीला एक लहान हॉल मिळायचा, तोही सकाळपुरता. दुपारी तेलुगू मंडळी येऊन दारात उभी राहायची.

पोटापाण्याला रमण अल मवालेहच्या मोठ्या भाजीमार्केटमध्ये होता. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलेला, त्यामुळे अर्बाब, म्हणजे मालक, अहमद यांच्या केळी पिकवायच्या खोल्या त्याच्याकडे. कंटेनरमधून हिरवीगार, दगडासारखी केळी येतात. त्यांना ठरावीक उबेत आणि गॅसमध्ये ठेवलं की चारपाच दिवसांत पिवळी होतात. मशिनं रमणची आणि माल सादिकचा. सादिक दापोलीकडचा, खाडीकाठच्या गावातला, रमणच्याही आधीपासून तिथे. खोलीच्या दारात उभा राहून नुसता वास घेऊन सांगायचा, परवा पिवळी होतील. रमण आकडे बघायचा. दोघांचं सहसा जुळायचं, आणि नाही जुळलं की दिवसभर एकमेकांची टर उडवायला विषय मिळायचा.

त्यांच्या वर मॅनेजर होते कौशिक रणपिसे. पुण्याचे, एमबीए, वादी कबीरला मोठा फ्लॅट. आणि हेच कौशिकसर मराठी मंडळीचे अध्यक्ष. हॉल तेच मिळवायचे, पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, मुंबईहून आले की त्यांच्याच घरी उतरायचे, त्यांच्या बायकोच्या, ज्ञानदाच्या, हार्मोनियमवाचून मंडळीचं एक गाणं उभं राहत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. रमणवर तर त्यांचे उपकारच होते. रमणचा हुद्दा त्यांनी सुपरवायझर करून दिला, तेव्हा कुठे त्याला फॅमिली व्हिसा मिळाला आणि किशोरी, त्याची बायको, २०१५च्या जूनमध्ये मस्कतला आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुट्ट्या जोडून पाहिल्या तर संसार म्हणावा असा त्यांनी कधी केलाच नव्हता. आता सकाळी ती डबा द्यायची आणि खिडकीतून खाली बघायची. रमणला त्या खिडकीचंच अप्रूप होतं. एअरपोर्टवर रमण किशोरीला आणायला गेला तेव्हा सादिक सोबत होता, आणि थर्मासमधून चहा त्यानेच आणला होता.

तर, २०१५च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मंगळवारी बाजारात केळ्यांना उठाव नव्हता. कौशिकसर फोन कानाला लावूनच आले आणि तीन नंबरच्या खोलीतला माल दोन दिवस थांबवायचा म्हणाले. सादिकने विचारलं, टेंपरेचर किती खाली घेऊ? सर फोनवरच्या माणसाला "एक मिनिट" म्हणाले आणि सादिकला म्हणाले, आठवर ठेव. रमण शेजारच्या खोलीच्या दारात पाना घेऊन बसला होता. त्याने ऐकलं. आठवर केळं टिकत नाही, गारठून मरतं, हे त्याला माहीत होतं आणि सादिकलाही. सादिक म्हणालाही, साहेब, आठ कमी होतील. पण साहेबांचा फोन पुन्हा सुरू झाला होता आणि हाताने त्यांनी यल्ला यल्ला, चल आटप, असं केलं. रमणला वाटलं, जरा वेळाने जाऊन नीट करू. मग ट्रक आला, मग दुसऱ्या खोलीचं मशिन अडलं, आणि ते राहूनच गेलं.

बुधवारी उशिरा खोली उघडली तेव्हा अख्ख्या मालावर राखाडी छटा आली होती. असली केळी मग काही केलं तरी पिवळी होत नाहीत. अर्बाब स्वतः आले. कौशिकसरांनी सांगितलं, सादिकने बटण फिरवलं. सादिक म्हणाला, साहेबांनी सांगितलं म्हणून. अर्बाबने दोघांकडे पाहिलं आणि मग रमणकडे वळून हिंदीत विचारलं, तू तर इथेच असतोस, तुला काय माहीत आहे?

रमणच्या डोळ्यांपुढे किशोरीची खिडकी आली. त्याने खाली पाहिलं आणि म्हणाला, "मालूम नहीं, अर्बाब."

तिथेच निकाल लागला. सादिकचा व्हिसा रद्द, शुक्रवारी रात्रीच्या विमानाचं तिकीट, विमानतळावर कंपनीचा माणूस जाऊन शिक्का मारून घेणार. एकदा तो शिक्का बसला की खलास. पुढची दोन वर्षं ओमानमध्ये दुसरीकडेही काम नाही. सादिकची मुलगी सिदरा रत्नागिरीला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि घरी म्हातारी आई. पण सादिकला टोचत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं आखातात काढून माणूस गावी परतायचा तो माल नासवला म्हणून हाकललेला, ही गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांवर त्याच्या आधी पोचणार होती.

गुरुवारी दोघं मार्केटमागच्या नळावर भेटले. सादिकनेच हात धुता धुता विषय काढला.

"तू काय बोलू नको, रमणभाय. तुजी बायको आत्ताच आलीय. माजा काय, मी निदान घरी तरी जातंय."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर रमणला रात्री झोप लागली असती. हे असं माफ करून टाकणं भलतंच जड गेलं. घरी किशोरीने डबा उघडून पाहिला तर पोळ्या तशाच. ती म्हणाली, "सादिकभाई जातायत म्हणे. अहो, त्यांना उद्या जेवायला तरी बोलवायचं होतं. पण उद्या तुमचं कीर्तन."

हो, उद्या कीर्तन. आणि त्याचा विषय, ऐका, देवाला ओळखणं. तो दिला होता खुद्द कौशिकसरांनीच, महिन्यापूर्वी. मंडळीला जरा खोल काहीतरी मिळू दे म्हणाले.

शुक्रवारी सकाळी हॉल भरला. मागच्या टेबलावर घराघरांतून आलेली पातेली झाकून ठेवली होती. ज्ञानदा हार्मोनियमला, पहिल्या रांगेत कौशिकसर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. फेटा बांधून रमण उभा राहिला, चिपळ्या खाली धरल्या आणि सवयीने म्हणाला, "माझ्याविषयी कुणाच्या मनात काही तक्रार आहे का? असली तर आत्ता सांगा. ती मिटल्याशिवाय मी चिपळी वाजवणार नाही."

दरवर्षीप्रमाणे लोक गोड हसले. रमणचा हात मात्र उचलला जाईना. तक्रार असलेला माणूस या हॉलमध्ये नव्हताच. तो मवालेहला खोलीवर सामान बांधत होता, आणि त्याला इथे येऊन उठून उभं राहायचं सुचणारही नव्हतं. ज्ञानदाने दोनदा सूर दिला. शेवटी रमणने चिपळी वाजवली, आणि वडिलांसमोर खोटं बोलल्यासारखं त्याला वाटलं.

पूर्वरंग चांगला चालला होता, असं ऐकणारे सांगतात. रमण म्हणाला, देवाला ओळखणं म्हणजे काय, हे इस्राएलच्या लोकांना वाटलं आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मंदिर आपलं, यज्ञ आपले, सण आपले, मग ओळख आपलीच. आणि संदेष्टे रस्त्यात उभे राहून ओरडत होते की तुमच्यात देवाची ओळख उरलेलीच नाही. होशेय सांगत होता, देवाला तुमचे होमबली नकोत, माया हवी आहे. इब्री, म्हणजे हिब्रू बोलणाऱ्या, माणसाचं ओळखणं हे डोक्यातलं काम नव्हतं. नवरा-बायको एकमेकांना ओळखतात तसं ते, रमण म्हणाला, आणि इथे तो नेहमीप्रमाणे लाजला, बायका पदराआड हसल्या. म्हणजे सोबत राहून, निभावून झालेली ओळख. नाव-गाव पाठ असण्याला ते लोक ओळख म्हणत नसत.

मग यिर्मया संदेष्टा आला. वडिलांचा आवडता. यिर्मया राजवाड्याच्या दारात जातो. राजा यहोयाकीम नवा वाडा बांधतोय, गंधसरूचं लाकूड, हिंगुळाचा लाल रंग, मोठमोठ्या खिडक्या, आणि घाम गाळणाऱ्याच्या हातावर काही टेकवत नाही. यिर्मया त्याला विचारतो, तुझा बाप योशीया काय उपाशी राहायचा? तोही खात होता, पीत होता. पण गरीब आणि गांजलेला माणूस त्याच्यापुढे आला की त्याची बाजू घ्यायचा, त्याला न्याय द्यायचा. देव म्हणतो, मला ओळखणं म्हणजे दुसरं काय, हेच ते.

नेवाशाला वडील हे सांगायचे तेव्हा या जागी आईचा टाळ पडायचा. इथे टाळ नव्हता. रमणची चिपळी हवेत राहिली. खिडक्या, हा शब्द त्याने स्वतःच उच्चारला होता आणि त्याला आठवली ती किशोरीची खिडकी. गरिबाची बाजू घेण्याची गोष्ट तो बापाच्याच फेट्यात उभा राहून सांगत होता, आणि बुधवारी एक गांजलेला माणूस समोर असताना त्याने खाली मान घातली होती. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. रमणने तो घेतला नाही. चिपळ्या त्याने हार्मोनियमवर ठेवल्या.

"एका माणसाची माझ्याविषयी तक्रार आहे," तो म्हणाला. "तो इथे नाही. त्याच्याबद्दल मला जे माहीत होतं ते मी माहीत नाही म्हणून सांगितलं. आज रात्री तो चाललाय. मला जाऊ द्या. उत्तररंग नंतर."

आणि तो फेट्यासकट बाहेर पडला. कौशिकसरांचं नाव त्याने घेतलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा तीन नंबर खोलीतल्या केळ्यांसारखा झाला होता. किशोरी उठून दारापर्यंत आली. रमणने तिच्याकडे पाहिलं. नोकरीबरोबर व्हिसाही जाईल हे तिला एका क्षणात कळलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "जा. मी सामान अजून पुरतं लावलेलंही नाही." त्यात रडगाणं नव्हतं. रमणला तेव्हा बायको कळली, असं तो आजही सांगतो, आणि सांगताना त्याचे डोळे भरतात.

अर्बाबचं घर सीबला, रुवीपासून लांब, आणि रमणकडे गाडी नाही. शुक्रवारी त्या वेळेला टॅक्सीही मिळेना. तो रस्त्याकडेला उभा, डोक्याला केशरी फेटा, येणारे-जाणारे बघतायत. एक गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. आत कौशिकसर. त्यांनी दार उघडलं, रमण बसला. सर आपल्याला सीबला नेतायत की वादी कबीरला आपल्या घरी नेऊन समजूत घालणार आहेत, हेही रमणला कळत नव्हतं. सीबच्या वाटेवरचा घुब्र्याचा पूल मागे पडला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

सीबला पोचले तर गल्लीत शुकशुकाट. जुम्म्याच्या नमाजाची वेळ. अर्बाब मशिदीत. आपल्या शुक्रवारात त्यांचाही शुक्रवार असतो, हे ध्यानातच राहिलं नव्हतं. दोघं मशिदीसमोर गाडीत एसी लावून बसले. बाहेर पायऱ्यांवर चपलांचा ढीग, भोंग्यावरून खुतबा, म्हणजे प्रवचन, चाललेला. थांबण्यावाचून करण्यासारखं काही नसलं की माणूस बोलतो. कौशिकसरांनी समोरच्या काचेकडे बघतच विचारलं, "माझं नाव घेणार होतास?"

"जेवढं ऐकलं तेवढं सांगणार होतो, सर."

सरांनी मान हलवली. मग हळूहळू त्यांनी जे सांगितलं त्यात नवल काही नव्हतं. अर्बाबचा थोरला मुलगा नुकताच परदेशातून शिकून आला होता, मॅनेजरची गरज आता किती दिवस, हे त्यांना रोज वाटत होतं, आणि अशात आपल्या हातून एक अख्खी खोली गेली. सादिकचं नाव तोंडातून आधी गेलं आणि विचार नंतर आला. एकदा गेल्यावर ते मागे घेणं अवघड झालं. "आणि रमण, विषय मीच दिला होता रे," असं म्हणून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. रमणने आपल्या उपरण्याचं टोक पुढे केलं. तोपर्यंत त्याच्या मनातला राग कुठे गेला ते त्यालाही समजलं नाही.

नमाज सुटली. अर्बाब बाहेर आले, पायाने चपला शोधू लागले आणि समोर आपला मॅनेजर आणि फेटा बांधलेला सुपरवायझर पाहून थबकले. रमण तोंड उघडणार तोच कौशिकसर पुढे झाले.

"अर्बाब, आठ पर मैंने रखवाया था। सादिक ने मना किया था।"

मग रमण म्हणाला, आपल्यालाही माहीत होतं, त्या दिवशी खोटं बोललो.

अर्बाब भडकले. मशिदीच्या दारात मोठ्याने बोलायचं नाही म्हणून ते हळू आवाजात भडकले, आणि ते जास्त भीतीदायक होतं. केळ्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. मी तीन माणसांना विचारलं, म्हणाले, आणि खरं एकच बोलला, त्याचंच तिकीट मी काढलं. वर जाऊन याचा जाब तुम्ही देणार होता की मी? मग अर्बाबनी विचारलं, आजच का आलात? कौशिकसरांनी हिंदीत आणि मोडक्यातोडक्या अरबीत कीर्तनाचं सांगितलं, राजवाडा, राजा, आणि त्याच्या दारात उभा राहणारा यिर्मया. अर्बाबना ते नाव ओळखीचं वाटलं. "अर्मिया," ते म्हणाले; अरबीत यिर्मयाला तेच म्हणतात. मग त्यांनी खिशातून फोन काढला, विमानतळावर जाणाऱ्या माणसाला लावला आणि अरबीत दोन वाक्यं बोलून बंद केला. "खलास. सादिक नहीं जाएगा। जाओ, उसको तुम खुद बोलो," ते कौशिकसरांना म्हणाले. "कल सुबह तुम दोनों मेरे पास आना."

उद्याचं उद्या. मवालेहला येईपर्यंत दोघंही शाळा सुटल्यासारखे बोलत होते. सादिक नमाज पढून खोलीवर आला होता. खाटेवर बॅग, खाली दोरीने आवळलेला मोठा खोका, वर मार्करने गावाचं नाव. कौशिकसरांनी दारातच हात जोडले आणि घडलं ते सांगितलं. सादिकला पहिल्यांदा ते कळलंच नाही. कळल्यावर तो खाटेवर बसला, आणि मग खोक्याची गाठ सोडायला लागला. कौशिकसर म्हणाले, कात्री आणू का? तो म्हणाला, नको, दोरी परत लागंल. त्या गाठी तिघांनी मिळून सोडवल्या. आत आईसाठी ब्लँकेट, सिदरासाठी परफ्यूम, आणि वर एका पिशवीत पिकलेली केळी होती. प्रवासात खायला म्हणून दोन नंबरच्या खोलीतून घेतली म्हणाला.

रुवीला परतले तेव्हा हॉल तेलुगू मंडळींच्या ताब्यात गेला होता. मराठी मंडळी पातेली उचलून आवारातल्या पार्किंगच्या शेडखाली येऊन बसली होती, कुणी घरी गेलं नव्हतं. किशोरी एका उलट्या क्रेटवर बसली होती. गाडीतून तिघं उतरलेले पाहून ती उभी राहिली, आणि रमणने लांबूनच मान हलवली तेव्हा पुन्हा खाली बसली. कौशिकसरांनी सादिकला पुढे आणलं आणि आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. ज्ञानदाला हे नवीन होतं. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. मग तिने ताट वाढायला घेतलं, पहिलं सादिकला आणि अगदी शेवटचं अध्यक्षांना.

पण रमणला अजून जेवायचं नव्हतं. तो सादिकपुढे जाऊन उभा राहिला. फेटा एव्हाना एका कानावर उतरला होता.

"सादिक, माझ्याविषयी तुझ्या मनात काही तक्रार आहे का? असली तर आत्ता सांग."

ज्या प्रश्नाला मस्कतमध्ये कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं, त्याचं उत्तर ऐकायला लहान पोरंही पुढे सरकली. सादिकने हातातला घास खाली ठेवला. विचार केला.

"हाय एक," तो म्हणाला. "इतकी वर्सं तुज्याबरोबर काम करतंय, पण तुजा कीर्तन तू माना कदी ऐकवलाच नाय."

रमण आधी हसला, मग त्याला रडू आलं, मग दोन्ही एकदम झालं. हार्मोनियम गाडीच्या डिकीत गेली होती, ती ज्ञानदाने काढायला लावली. किशोरीने दोन पातेल्यांची झाकणं उचलली आणि टाळ म्हणून हातात धरली. तक्रार मिटल्याशिवाय चिपळी वाजवायची नाही, ही रीत होती. आणि ही तक्रार मिटवायला चिपळी वाजवण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. सादिक ताट घेऊन पुढच्या रांगेत, म्हणजे एका क्रेटवर, येऊन बसला. रमणने फेटा सरळ केला आणि यिर्मयाला पुन्हा राजवाड्याच्या दारात आणून उभं केलं. मध्येच त्याची लय ढळली, तेव्हा किशोरीने झाकणं असली जोरात आपटली की हॉलमधले तेलुगू लोक दार उघडून बाहेर बघायला आले.